पंजा केअर किटच्या माहितीपत्रकातील चुकीच्या सूचनांबाबत तक्रार

नागपूर,
दि. 9 जून 2025

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग व तांत्रिक विभाग

विषय : कुत्र्यांच्या पंजांसाठीच्या किटमधील माहितीपत्रक मागे घेणे, घटकांचे प्रमाण जाहीर करणे व रक्कम परत करणे याबाबत.

महोदय,

आपल्या कंपनीचे कुत्र्यांच्या पंजांसाठीचे किट आम्ही मे महिन्यात ऑनलाइन मागवले. त्यात 50 ग्रॅमची बामची डबी, 100 मिलिलिटरचा स्प्रे, स्वतःलाच चिकटणारी ताणपट्टी, चार बूट आणि एक घडीचे माहितीपत्रक आहे. माल वेळेवर आला आणि धड आला. आमची तक्रार माहितीपत्रकाबद्दल आहे. जो माणूस ते प्रामाणिकपणे वाचून तसेच वागेल, त्याच्या कुत्र्याला त्यामुळे इजा होईल. म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहोत.

पंजाची गादी फाटली, सुजली, सोलवटली, कडक झाली किंवा तिथली बोटे लाल झाली, तर या सगळ्याचे कारण कोरडेपणा आहे आणि सहा आठवडे दिवसातून दोनदा बाम चोळावा, असे आपल्या माहितीपत्रकाचे सांगणे आहे. मूळ चूक इथेच आहे. कोरडेपणा हे गादी बिघडण्याच्या कारणांपैकी एक आहे, आणि त्यातल्या त्यात निरुपद्रवी आहे. बाकीच्या कारणांना सहा आठवडे थांबायला वेळ नसतो.

पहिला प्रश्न एकच विचारायला हवा होता, आणि तोच माहितीपत्रकात नाही : त्रास एका पंजाला आहे की चारही पंजांना? एकाच पंजाला असेल तर संशय काचेचा, बाभळीच्या काट्याचा, सराट्याचा, कुसळाचा, मोडक्या नखाचा किंवा गाठीचा. दोन-चार पंजांना एकदम असेल तर कारण बहुधा शरीराच्या आत किंवा सगळ्या त्वचेत असते : अ‍ॅलर्जी, परजीवी, बुरशी, रोगप्रतिकारशक्तीचे आजार, आहारातली उणीव, यकृताचा आजार. एवढा एक फरक छापला असता, तरी निम्मे ग्राहक योग्य वेळी पशुवैद्याकडे पोहोचले असते.

तपासायचे कसे, तेही सांगायला हवे होते. कुत्र्याला कुशीवर आडवे करून चांगल्या उजेडात प्रत्येक बोट बाजूला करून बघावे. फक्त खालची गादी बघून भागत नाही, कारण बोटांमधल्या पडद्यात आणि उपनखाच्या (पंजाच्या वर आतल्या बाजूला असलेल्या जादा नखाच्या) बुडाशीच खरे दुखणे लपलेले असते. गोचीडही तिथेच दडून बसतो. प्रत्येक गादी अंगठ्याने हलकेच दाबावी. कुत्रे पाय ओढून घेईल ती जागा लक्षात ठेवावी. चारही पंजांची आपसात तुलना करावी. केस तांबूस-तपकिरी झाले असतील तर ती लाळेची खूण, म्हणजे कुत्रे तिथे सतत चाटते आहे. आंबूस वास आणि तेलकट चिकटपणा असेल तर मॅलसेझिया नावाच्या यीस्टचा, म्हणजे एका प्रकारच्या बुरशीचा, संशय घ्यावा.

कुसळाबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण पावसाळा संपल्यावर आपल्याकडे माळरानावरच्या कुत्र्यांमध्ये हा त्रास हमखास असतो. कुसळाचे टोक अणकुचीदार असते आणि त्यावरचे केस मागच्या दिशेने असतात. त्यामुळे ते पुढेच सरकते, मागे येत नाही. बोटांमध्ये शिरलेले कुसळ त्वचेखाली चालत जाते. वर एक छोटे भोक राहते, त्यातून पाणी किंवा पू येतो, मध्येच सुकते, पुन्हा फुटते. प्रतिजैविक चालू असताना बरे वाटते, थांबवले की परत तेच. अशा भोकावर आपला मेणाचा बाम लावला तर पू बाहेर येण्याची वाट बुजते. इथे उपाय एकच : पशुवैद्याने भूल देऊन वाट मोकळी करणे आणि कुसळ बाहेर काढणे.

बोटांमधल्या गाठींना माहितीपत्रकात उष्णतेचे फोड म्हटले आहे. बहुतेक वेळा त्या केसांच्या मुळांचा खोल संसर्ग असतात. आखूड, राठ केसांच्या कुत्र्यांत, लॅब्रॅडॉर आणि बुलडॉग यांच्यात, विशेषतः वजन जास्त असेल तर, चालताना आखूड केस आत वळतात, मूळ फुटते आणि शरीर त्या केसाला परकी वस्तू समजून सूज आणते. त्यामागे अनेकदा अ‍ॅलर्जी किंवा डेमोडेक्स हा किडा असतो. डेमोडेक्ससाठी त्वचा दाबून, किंचित रक्त दिसेपर्यंत खरवडावी लागते किंवा केस मुळासकट उपटून काचपट्टीवर बघावे लागतात. यीस्ट आणि जीवाणूंसाठी पारदर्शक चिकटपट्टीचा ठसा पुरतो. या तपासण्यांना दवाखान्यात काही मिनिटे लागतात आणि त्यांवरून उपचार पूर्ण बदलतो. डेमोडेक्स निघाला तर गोळ्या वेगळ्या. यीस्ट निघाले तर क्लोरहेक्सिडीन व मायकोनाझोलचा शाम्पू, तोही अंगावर 10 मिनिटे ठेवून मग धुवायचा. लगेच धुतला तर उपयोग नाही. खोल संसर्ग निघाला तर पूचे कल्चर करून (त्यातले जंतू वाढवून, ओळखून) दीर्घकाळ प्रतिजैविक. या तिघांपैकी एकावरही बाम हा उपचार नाही.

आता चारही गाद्या एकदम कडक होण्याबद्दल. पिल्लाला किंवा लस न झालेल्या कुत्र्याला डोळ्या-नाकातून घाण, ताप, खोकला, जुलाब असतील आणि गाद्या व नाकाचा शेंडा कडक होत असेल, तर तो डिस्टेंपर हा विषाणूजन्य रोग असू शकतो. या रोगात पुढे झटके येतात. असे कुत्रे त्याच दिवशी वेगळे ठेवायला हवे आणि दवाखान्यात न्यायला हवे. माहितीपत्रकातल्या कडक गादीच्या परिच्छेदात या रोगाचे नावसुद्धा नाही. मोठ्या कुत्र्याच्या गाद्यांच्या कडेला खपल्या आणि त्याबरोबर नाकाच्या दांड्यावर, कानाच्या पाळीवर पुवाळलेले फोड असतील तर पेम्फिगस, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीच त्वचेवर उलटण्याचा आजार. त्याचे निदान पेशींच्या तपासणीने आणि त्वचेचा तुकडा काढून होते. म्हाताऱ्या कुत्र्याच्या गाद्या भेगाळून रक्ताळल्या आणि ते खंगत चालले असेल तर यकृताची सोनोग्राफी हवी. वाढत्या पिल्लाला पोळी-भात जास्त आणि कॅल्शियमचे सिरप मनाला येईल तितके दिले की धान्यातले फायटेट आणि जादा कॅल्शियम मिळून जस्ताचे शोषण अडवतात, आणि गाद्या, कोपर, तोंडाभोवती खपल्या धरतात. हस्की जातीत तर जस्ताचा हा दोष जन्मजातही असतो. ओल्या, शेणकट मातीच्या आवारात ठेवलेल्या कुत्र्यांच्या गाद्या सुजून मऊ, स्पंजासारख्या झाल्या तर विष्ठेत आकडीजंताची (हुकवर्मची) अंडी शोधावी, कारण त्याच्या अळ्या पंजातूनच शिरतात.

आपला बाम ज्यासाठी खरोखर उपयोगी ठरू शकतो ती एकच अवस्था आहे : म्हाताऱ्या, बाकी निरोगी कुत्र्याच्या गादीवर वाढलेला जादा केराटिन, म्हणजे नखासारखा कठीण थर. तो ओळखायची खूण सोपी आहे. तो गादीच्या कडेला, जिथे जमीन घासत नाही तिथे, झालरीसारखा वाढतो; मधला भाग चालून झिजत असल्यामुळे बरा असतो. यालाही थेट बाम चोळून फायदा होत नाही. आधी पंजा कोमट पाण्यात 10 मिनिटे बुडवायचा, टिपून घ्यायचा, मग साध्या व्हॅसलिनचा पातळ थर द्यायचा आणि तो मुरेपर्यंत 15-20 मिनिटे कुत्र्याला चाटू द्यायचे नाही. आठ-दहा दिवस रोज, नंतर आठवड्यातून दोनदा. त्याहून जास्त नको, कारण सतत तेलकट ठेवलेली गादी मऊ पडते आणि खडीवर लगेच चिरते. झालर फार लांब असेल तर ती पशुवैद्यानेच छाटावी. घरी कापताना जिवंत भाग कापला जातो आणि बराच वेळ रक्त थांबत नाही.

घटकांविषयी. डबीवर झिंक ऑक्साइड, सॅलिसिलिक आम्ल आणि टी ट्री तेल ही नावे आहेत, पण एकाचेही प्रमाण नाही. पंजाला लावलेली कुठलीही गोष्ट कुत्रे चाटणारच. म्हणजे पंजाचा बाम हा पोटात जाणारा बाम आहे, असे धरूनच तो बनवायला हवा. टी ट्री तेल जास्त प्रमाणात त्वचेतून किंवा चाटण्यातून गेले तर कुत्रा मलूल होतो, मागचे पाय लटपटतात, थरथर सुटते. झिंक ऑक्साइड चाटून उलट्या होतात, सॅलिसिलिक आम्ल जठराला त्रास देते. दिवसातून दोनदा, चार पंजांना, सहा आठवडे : हा हिशोब टक्केवारीशिवाय कोणी कसा करावा? बाम लावल्यावर गळ्यात कोन (चाटता येऊ नये म्हणून घालायची शंकूच्या आकाराची कॉलर) घाला, हे साधे वाक्यही पत्रकात नाही.

स्प्रेमध्ये अल्कोहोल आहे आणि तो उघड्या जखमेवर मारायला सांगितला आहे. अल्कोहोल उघड्या मांसाला इजा करते, जखम भरणे लांबवते आणि इतके झोंबते की कुत्रे पुढच्या वेळी पाय हातात देत नाही. कापलेल्या गादीसाठी करायचे ते असे : स्वच्छ कापडाने 5 ते 10 मिनिटे न उचलता दाबून धरावे. रक्त थांबल्यावर सलाईनने किंवा उकळून गार केलेल्या अर्ध्या लिटर पाण्यात चहाच्या एका सपाट चमच्यापेक्षा किंचित कमी मीठ घालून भरपूर धुवावे. जंतुनाशक हवेच असेल तर 2 टक्क्यांचे क्लोरहेक्सिडीनचे साबणविरहित द्रावण 1 लिटर पाण्यात 25 मिलिलिटर, नाहीतर पोव्हिडोन आयोडीन फिक्या चहाच्या रंगाइतके पातळ. गादीची फडफडती चकती सुटली असेल, आतली चरबी दिसत असेल किंवा 15 मिनिटांत रक्त थांबत नसेल तर टाके लागतात. पाय टेकला की गादी पसरते आणि जखमेच्या कडा ओढल्या जातात, म्हणून इथली जखम इतर ठिकाणापेक्षा उशिरा भरते. हे ग्राहकाला माहीत असले तर तो घाईने पट्टी सोडणार नाही.

पट्टीचा परिच्छेद आम्हाला सर्वांत धोकादायक वाटतो. ताणपट्टी थेट पंजावर घट्ट चार-पाच वेढे गुंडाळून आठवडाभर ठेवा, असे त्यात आहे. कुत्र्याच्या गाद्यांमध्ये घामाच्या ग्रंथी असतात. आतून ओल, बाहेरून दाब आणि बोटांमध्ये काहीच मऊ थर नाही, अशा स्थितीत दोन दिवसांत कातडी पांढरी, बुळबुळीत होते. घट्ट पट्टीखाली बोटे सुजून रक्तपुरवठा तुटला तर बोट गमावण्याची वेळ येते. बरोबर क्रम असा : जखमेवर न चिकटणारे गॉझ, प्रत्येक दोन बोटांच्या मध्ये आणि उपनखाखाली कापसाच्या पातळ वाती, त्यावर मऊ कापसाचा रोल, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याचा अर्धा भाग झाकेल असा, मग क्रेप बँडेज आणि शेवटी ताणपट्टी, तीही रिळातून आधी सैल सोडवून, न ओढता. सुरुवात बोटांकडून, शेवट मनगटाच्या वर. नाहीतर पट्टी घसरते. मधल्या दोन बोटांची नखे उघडी ठेवायची. सकाळ-संध्याकाळ ती बघायची : नखे एकमेकांपासून फाकली, बोटे गार पडली, वास आला किंवा कुत्रे अचानक पट्टी कुरतडू लागले, तर पट्टी त्या क्षणी सोडायची. सुरुवातीला रोज किंवा दिवसाआड बदल, आणि ओली झाली तर लगेच. बाहेर नेताना वरून प्लास्टिकची पिशवी, घरात आल्याबरोबर काढायची.

चटक्याबद्दल दोनच ओळी आहेत आणि त्याही चुकीच्या. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे हवा 45 अंशांना टेकते. दुपारचा डांबरी रस्ता त्याहून कितीतरी जास्त तापतो. भाजलेल्या गादीवर आधी बाम लावायचा नसतो, कारण मेण उष्णता आत कोंडते. वाहत्या साध्या पाण्याखाली 10 ते 20 मिनिटे पंजा गार करावा. बर्फ नको, टूथपेस्ट नको, सुटलेली कातडी ओढून काढायची नाही. पहिल्या दिवशी नुसती लाल दिसणारी गादी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सोलून निघू शकते. वेदनेसाठी माणसांची आयबुप्रोफेन द्यायची नाही, ती कुत्र्याला विषारी आहे. आणि रस्ता तापला आहे का ते बघायला तळहाताची मागची बाजू 7 सेकंद टेकवून बघणे पुरते. बूट हा उपाय चांगला आहे, पण आपण माप वजनावरून दिले आहे. एकाच वजनाच्या देशी कुत्र्याचा पंजा अरुंद आणि लॅब्रॅडॉरचा रुंद असतो. कुत्रे उभे असताना, पायावर भार असताना पंजाखाली कागद ठेवून सर्वांत रुंद भाग मोजावा, तेच माप.

डबीवर हे उत्पादन कॉस्मेटिक असल्याचे म्हटले आहे, आणि माहितीपत्रकात मात्र जखम, बुरशी व संसर्ग बरे करण्याचे आश्वासन आहे. औषधे व सौंदर्य प्रसाधने कायदा, 1940 नुसार जनावरांच्या रोगावर बाहेरून लावायचा पदार्थही औषधातच येतो, आणि सौंदर्य प्रसाधनाची व्याख्या माणसाच्या शरीरापुरती आहे. डबीवर औषधाचा परवाना क्रमांक आम्हाला सापडला नाही. तो असल्यास कळवावा.

आमच्या मागण्या अशा. बामातील व स्प्रेतील प्रत्येक घटकाची टक्केवारी लेखी कळवावी. सध्याचे माहितीपत्रक विक्रीतून काढावे, आणि ज्यांना किट आधीच विकले आहे त्यांना निदान पट्टी, स्प्रे व चटका या तीन बाबींची दुरुस्ती संदेशाने तातडीने पाठवावी. नवे पत्रक नोंदणीकृत पशुवैद्याकडून तपासून घ्यावे आणि मराठीतही छापावे. त्यात बाम लावण्याआधी पशुवैद्याकडे कधी जायचे ही यादी पहिल्या पानावर असावी. किटची पूर्ण किंमत परत करावी. हे पत्र मिळाल्यापासून 30 दिवसांत उत्तर आले नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर नोंद करून ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली जिल्हा आयोगाकडे आणि परवान्याच्या मुद्द्यावर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार दाखल करू.

नवे पत्रक लिहिताना वरील माहिती जशीच्या तशी वापरण्यास आमची हरकत नाही. मसुदा पाठवलात तर तपासून आठ दिवसांत परत देऊ.

आपले विश्वासू,
किट खरेदी केलेले श्वानपालक, नागपूर

सोबत : खरेदीच्या बिलाची प्रत, डबी व स्प्रेच्या लेबलची छायाचित्रे, माहितीपत्रकाची दुरुस्त्या खुणा केलेली प्रत.