नित्याला पत्र: सर, हे खरंच कोणी वापरतं का?

प्रिय नित्या,

तुझा मेसेज येऊन तीन आठवडे झाले आणि मी आपला "निवांत लिहितो" म्हणून जे टाकलं ते टाकलंच. आज रविवार आहे, सकाळपासून पाऊस लागलाय, ऑन-कॉलचा फोन चक्क गप्प आहे, तेव्हा आता लिहितोच, नाहीतर तू परत सांगलीहून फोन करून शिव्या घालशील.

तर तुमच्या सिलॅबसमध्ये प्रोव्हायडर ब्रिजिंगचं, म्हणजे एकाच इथरनेट नेटवर्कवर अनेक कस्टमर वेगळे ठेवून कसे चालवायचे याचं, अख्खं युनिट, ८०२.१एडी, ८०२.१एएच, ८०२.१क्यूएवाय ही तिन्ही स्टँडर्ड, आणि एका पोराने उठून विचारलं की सर, हे खरंच कोणी वापरतं का, आणि तू गप्प. पोरगं हुशार आहे रे. उत्तर सरळ सांगायचं तर पहिलं सगळे वापरतात, दुसरं जवळजवळ कोणी नाही, आणि तिसरं मी या नेटवर्क कंपनीत एवढ्या वर्षांत फक्त स्लाईडवर पाहिलंय. पण हे असं का झालं ते पुस्तकात मिळणार नाही, म्हणून जरा लांबण लावतो.

क्यू-इन-क्यू म्हणजे ८०२.१एडी, २००५ च्या शेवटी मंजूर झालं, पण त्याच्या आधीच लोक डेटाच्या फ्रेमवर टॅगवर टॅग, म्हणजे नंबराच्या चिठ्ठ्या, चिकटवायला लागले होते. व्हीलॅन, म्हणजे एकाच वायरवर वेगळं ठेवलेलं नेटवर्क, त्याचा नंबर १२ बिटांचा, म्हणजे वापरायला ४०९४ मिळतात, आता कस्टमरला स्वतःचे व्हीलॅन हवेत आणि कंपनीला कस्टमर वेगळे ठेवायचेत, मग कस्टमरचा टॅग आत आणि आपला बाहेर, विषय संपला. पुण्यात तुझ्या दादाकडे जे फायबरचं ब्रॉडबँड आहे ना, त्याच्या पोटातही बहुतेक हेच चालू असेल, बाहेरचा टॅग सांगतो कुठलं ओएलटी (फायबरचं कंपनीकडचं टोक), आतला सांगतो कुठलं घर, आणि दोन्ही मिळून बीएनजीला, म्हणजे कस्टमरला इंटरनेटवर सोडणाऱ्या राऊटरला, कळतं की हा अमुक मजल्यावरचा कस्टमर. नवीन डबा घ्यायला लागत नाही, नवीन प्रोटोकॉल शिकायला लागत नाही, नाईट शिफ्टच्या पोरालाही एका दुपारी शिकवता येतं. माझ्या मते ते टिकलं ते एवढ्याच कारणाने.

पण स्टँडर्ड आणि प्रत्यक्ष यातली गंमत बघ. स्टँडर्ड म्हणतं बाहेरच्या टॅगचा इथरटाईप, म्हणजे टॅग कुठल्या प्रकारचा ते सांगणारा कोड, ८८ए८ पाहिजे. जुने बॉक्स ९१०० टाकायचे, काहींना ८१०० शिवाय काही कळायचंच नाही, मग दोन कंपन्यांचे बॉक्स समोरासमोर आले की एक बोलतोय मराठी आणि दुसरा कानडी. शेवटी कंटाळून सगळीकडे आत ८१०० बाहेर ८१०० करून टाकतात. आमच्याकडे अजूनही तसंच आहे, ऑडिटवाला विचारतो, आम्ही हसतो.

आता एक किस्सा, हा वर्गात सांगच. चाकणचा एक कारखाना, त्यांचं ऑफिस खराडीला, मधे आमची पॉइंट टू पॉइंट लिंक. तक्रार अशी की लिंक अप आहे, पिंग (चाचणीचं पॅकेट) जातंय, पण ईआरपीचं, म्हणजे कारखान्याच्या कारभाराच्या सॉफ्टवेअरचं, लॉगिन पेज येतं आणि पुढे नुसतं गोल गोल फिरत बसतं. दोन दिवस त्यांनी सर्व्हरवाल्याला धरलं, सर्व्हरवाल्याने आम्हाला धरलं, आमच्या हेल्पडेस्कने "लिंक ओके आहे सर" म्हणून तिकीट दोनदा बंद केलं. तिसऱ्या रात्री साडेअकराला मी भोसरीच्या एका बिल्डिंगच्या जिन्याखाली आमच्या कॅबिनेटसमोर बसलेलो, वॉचमनने स्टूल दिलं, फोनवर कारखान्याचे आयटीवाले काका. म्हटलं काका, डोन्ट फ्रॅगमेंट (म्हणजे तुकडे करू नको) लावून १४७२ बाइटचा पिंग मारा. गेला! मग विचारलं हे मशीन कुठल्या व्हीलॅनमध्ये आहे, तर म्हणे हे आमचं आयटीचं, साधं, टॅग नाही. म्हटलं ईआरपीच्या व्हीलॅनमधून मारा. मेला. १४६८ मारा म्हटलं, गेला. चार बाइट, नित्या, बरोब्बर चार! हेडर धरून साधी फ्रेम १५१८ बाइटची, त्यावर आमचा टॅग म्हणजे १५२२, आणि त्या जिन्याखालचा म्हातारा स्विच १५२२ पर्यंतच पास करायचा. ईआरपीची फ्रेम आधीच कस्टमरच्या टॅगने १५२२ झालेली, वर आमचे चार, १५२६, कचऱ्यात. आणि लेअर टूचा डबा, म्हणजे साधा स्विच, फ्रेम टाकून देताना कोणाला सांगत पण नाही, राऊटर असता तर निदान आयसीएमपीने, म्हणजे एररच्या मेसेजने, ओरडला असता, मग छोटे पॅकेट जातात, लॉगिन पेज येतं, मोठा डेटा आला की सगळं ठप्प. उपाय काय तर एमटीयू, म्हणजे पास होणारी सगळ्यात मोठी साईज, वाढवायची एक ओळ, पण त्या म्हाताऱ्याला ती ओळ लागू व्हायला रिस्टार्ट पाहिजे आणि त्याच्यावर बाकीचे कस्टमर झोपलेले, मग परवानग्यांचे मेल आणि पहाटे तीनची वेळ. वॉचमनने तोपर्यंत दोनदा चहा पाजला.

असो. पीबीबीकडे, म्हणजे प्रोव्हायडर बॅकबोन ब्रिजिंगकडे येतो, ८०२.१एएच, २००८ चं. खरं सांगू, डिझाईन म्हणून मला ते आजही आवडतं. क्यू-इन-क्यूमध्ये टॅग दोन झाले तरी मॅक ॲड्रेस, म्हणजे मशीनचे पत्ते, कस्टमरचेच राहतात, म्हणजे आमच्या मधल्या स्विचला जगभरच्या पीसींचे पत्ते पाठ करायला लागतात, टेबल भरलं की फ्लडिंग, म्हणजे आलेली फ्रेम सगळीकडे पाठवणं. पीबीबीत एसटीच्या पार्सलसारखं करतात, तुझी खोकी, त्यावरचे पत्ते, सगळं एका पोत्यात, आणि पोत्यावर फक्त स्वारगेट ते सांगली. मधल्या डेपोला आत काय आहे याच्याशी घेणंदेणं नाही. सर्व्हिसचा नंबर २४ बिटांचा, म्हणजे १ कोटी ६७ लाखांच्या वर सर्व्हिसेस, ४०९४ ची कटकटच संपली. एवढं देखणं आहे तर मग घेतलं का नाही?

एक तर हार्डवेअर बदलायला लागायचं, ती पोती भरणारे नवीन कार्ड पाहिजेत. पण माझ्या मते खरं कारण वेगळं आहे, ज्या दुखण्यावर ते औषध होतं ते दुखणंच म्हणावं तेवढं वाढलं नाही. आमचे बहुतेक कस्टमर दोन टोकांची लिंक घेतात, आणि तिथे लावतात राऊटर किंवा फायरवॉल, म्हणजे प्रत्येक टोकाला मॅक मोजून एक-दोन. आणि दोनच टोकं असतील तर मॅक शिकायचीच गरज नाही, इकडून आलं की तिकडे ढकल. पाच ऑफिसं एकाच लॅनमध्ये जोडून मागे हजारो मशीन सोडणारे कस्टमर असतात, नाही असं नाही, पण त्यांच्यासाठी अख्खं नेटवर्क कोण बदलणार? आणि बहुतेकांच्या कोअरमध्ये राऊटरमार्फत ऑफिसं जोडणाऱ्या एल-थ्री व्हीपीएनसाठी एमपीएलएस, म्हणजे लेबल लावून पॅकेट पाठवायची पद्धत, आधीच होतं, त्याच राऊटरवर २००७ मध्ये आरएफसी (इंटरनेटचं स्टँडर्ड) झालेलं व्हीपीएलएस, म्हणजे एमपीएलएसवरून लॅन जोडायची पद्धत, चालवता येत होतं, मग त्याच पोरांना दुसरी भाषा कशाला शिकवायची.

आता तिसरं, पीबीबी-टीई उर्फ पीबीटी, याची तर सिरियल होईल. २००८ साली मी नवीन नवीन लागलो होतो तेव्हा हॉटेलात जेवण घालून व्हेंडरवाले सांगायचे की एमपीएलएस आता गेलंच समजा. कल्पना अशी की इथरनेटचं शिकणं, फ्लडिंग, स्पॅनिंग ट्री (लूप टाळायचा प्रोटोकॉल) सगळं बंद करायचं आणि मॅनेजमेंट सिस्टीमने रस्ते हाताने आखायचे, जुन्या ट्रान्समिशनच्या एसडीएचसारखं, एक मुख्य, एक राखीव, आणि सीएफएमचे, म्हणजे रस्ता चालू आहे का ते तपासणारे, हार्टबीट चुकले की ५० मिलिसेकंदात राखीववर. जुन्या ट्रान्समिशनवाल्यांना हे भयंकर आवडायचं, कारण त्यांना ते ओळखीचं होतं. नॉर्टेल ही नेटवर्कचे बॉक्स बनवणारी कंपनी याची मोठी पुरस्कर्ती, आणि जानेवारी २००७ मध्ये ब्रिटनच्या बीटी या टेलिकॉम कंपनीने आपल्या २१सीएन नेटवर्कसाठी पीबीटी घेणार म्हणून नॉर्टेल आणि सीमेन्सची निवड जाहीर केली तेव्हा सगळ्यांना वाटलं झालं, जिंकले. पुढच्याच वर्षी बीटी एमपीएलएसकडे वळली. जानेवारी २००९ मध्ये नॉर्टेल दिवाळखोरीत, आणि ८०२.१क्यूएवाय स्टँडर्ड पक्कं झालं तेही २००९ मध्येच! म्हणजे बारशाच्या वर्षीच बाप गेला. नॉर्टेलचा मेट्रो इथरनेटचा धंदा नंतर सिएनाने घेतला.

पण पीबीबी अगदीच वाया गेलं असं नको शिकवू. त्याची पोतं भरायची पद्धत ८०२.१एक्यू मध्ये गेली, शॉर्टेस्ट पाथ ब्रिजिंग, खाली रस्ता शोधायला आयएस-आयएस, आणि ते प्रोव्हायडरकडे नाही तर कॅम्पसमध्ये रमलं, २०१४ च्या सोची ऑलिम्पिकचं नेटवर्क अवायाने त्याच्यावरच चालवलं होतं. आणि प्रोव्हायडरकडे आता ईव्हीपीएन आलंय, आरएफसी ७४३२, २०१५ चं, त्यात मॅक फ्लडिंगने शिकण्याऐवजी बीजीपी हा राऊटरांचा प्रोटोकॉल सांगतो कोण कुठे आहे, कस्टमर दोन राऊटरना जोडला तर दोन्ही लिंक एकदम चालतात, व्हीपीएलएसमध्ये एक लिंक नुसती बसून असायची. आमच्याकडे नवीन सर्व्हिस आता त्याच्यावरच टाकतोय, जुन्या व्हीपीएलएसला कोणी हात लावत नाही, चालतंय तोवर चालू दे. डेटा सेंटरमधल्या व्हीएक्सलॅनचा नंबर बघ, तोही पीबीबीसारखा २४ बिटांचा.

एक राहिलंच, तुझ्या युनिटमध्ये जी.८०३२ ची रिंग नाहीये, ती घाल बाबा. पुण्यात रस्ते खोदणं हा बारमाही सण आहे, मेट्रो झाली की पाईपलाईन, पाईपलाईन झाली की दुसऱ्याची केबल, आणि जेसीबीवाल्याला आपलं फायबर दिसत नाही ते नाहीच. रिंगमधली एक लिंक मुद्दाम बंद ठेवायची, दुसरीकडे कुठे तुटली की ती उघडायची, ५० मिलिसेकंदांच्या आसपास, कस्टमरला कळतही नाही. आम्ही सगळ्यात जास्त दुवा कोणाला देत असू तर या एका गोष्टीला. अर्थात त्याच दिवशी रिंग दुसऱ्या जागी पण तुटली तर मात्र देवाचं नाव घ्यायचं, आणि पावसाळ्यात ते होतं.

लॅबसाठी महागाचं काही घेऊ नकोस. लिनक्सला ८०२.१एडी कळतं, चार जुने पीसी पुरेत, वायरशार्क या पॅकेट बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन टॅग एकाखाली एक दिसले की पोरांच्या डोक्यात पक्कं बसतं, आणि एमटीयू मुद्दाम चुकवून दे, शोधू दे त्यांना चार बाइट. तो भोसरीचा म्हातारा गेल्या वर्षी भंगारात निघाला, मी मॅनेजरला विचारून घरी आणून ठेवलाय, बायको रोज विचारते हे धूड कधी जाणार. पुढच्या वेळी पुण्याला येशील तेव्हा घेऊन जा, फक्त पंखा फार ओरडतो, आणि पॉवर कॉर्ड तुझी तू आण.

काकूंना नमस्कार.

तुझाच,
बंड्या