नळी काढल्यानंतर सांभाळून घेणाऱ्या सिस्टरना

लेकीच्या पोटातली दूध भरवायची नळी काढली आणि छिद्रातून दूध, आंबट पाणी झिरपू लागलं. जठरातल्या आम्लानं भोवतालची कातडी लालबुंद झाली. वॉर्डातल्या सिस्टरनी जागा कोमट पाण्यानं धुतली, न घासता टिपून कोरडी केली, झिंक ऑक्साइडचा जाड थर दिला, वर घडीचं गॉज. ओलं झालं की लगेच बदलायचं. एका वेळी थोडंच भरवा, पोट तट्ट भरलं की गळती वाढते, म्हणाल्या. बहुतेक छिद्रं थोड्याच दिवसांत मिटतात. महिनाभरानंतरही वाहिलं तर शस्त्रक्रियेनं बंद करावं लागू शकतं, हेही न घाबरवता सांगितलं. आणि ती चिकटपट्टी! तेलाचं बोट फिरवत, एकेक कडा सोडवत, लेकीशी बोलत काढली. ती रडली नाही. सिस्टर, तुमचे मनापासून आभार.