रंगकामाआधी जिन्याचे कठडे बघा: सोसायटी अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व कार्यकारिणी समिती
बी विंग, मुलुंड पूर्व, मुंबई

विषय: जिन्याचे कठडे व टप्प्यांवरच्या खिडक्या लहान मुलांसाठी सुरक्षित करण्याबाबत

महोदय,

रंगकामाची कोटेशन्स आल्याची नोटीस वाचली. कोणता रंग लावायचा यावर ग्रुपवर जोरात चर्चा चालू आहे, ती चालू दे. माझं म्हणणं एवढंच, की रंगाऱ्याच्या आधी वेल्डर यायला हवा. एकदा ताजा रंग चढला की कठड्याला हात लावायला कुणी तयार होणार नाही. मग ‘पुढच्या रंगकामाला बघू’, आणि तोवर आजची रांगणारी पोरं दप्तर पाठीवर टाकून हाच जिना उतरत असतील.

आपल्या विंगमध्ये सध्या तीन वर्षांच्या आतली बरीच मुलं आहेत. आईवडील लोकलला लटकून कामावर जातात आणि दिवसभर पोरं आम्हा आजी-आजोबांकडे किंवा सांभाळणाऱ्या बाईंकडे असतात. घरातलं आम्ही बघतो. आमच्याकडे पलंग खिडकीपासून लांब सरकवलाय, बाथरूमला वरच्या बाजूला कडी लावलीय, आणि बारशाला आलेला वॉकर माळ्यावर गेलाय. (कॅनडात २००४ पासून वॉकर विकायलाच बंदी आहे. आपल्याकडे तो अजून कौतुकानं आहेरात येतो.) पण उंबऱ्याबाहेरचं आमच्या हातात नाही. उपविधींप्रमाणे जिना, गच्ची आणि गच्चीचा कठडा यांची दुरुस्ती सोसायटीकडेच आहे, म्हणून हे पत्र.

आपल्या जिन्याच्या कठड्याला तीन आडवे पाइप आहेत. मोठ्यांसाठी तो कठडा, पण दोन वर्षांच्या मुलासाठी ती शिडी आहे. आमचा नातू आधी मधला पाइप दोन्ही हातांनी धरतो, खालच्यावर एक पाय ठेवतो, दुसरा त्याच्या शेजारी आणतो, आणि छाती वरच्या पाइपवर टेकवून खाली वॉचमनकाकांना हाका मारतो. मी मागून त्याची चड्डी धरून उभी असते, म्हणून त्याचं कौतुक वाटतं. या वयात अंगाच्या मानानं डोकं जड असतं, तोल गेला की मूल डोक्यावरच खाली येतं. आणि जे चढत नाही त्याच्यासाठी दोन पाइपांमधली फट आहेच, तिथे माझी अख्खी वीत बसते. मुलांच्या सुरक्षेसाठी अमेरिकेत कठड्याचा साधा नियम असा, की चार इंचांचा गोळा फटीतून आरपार जाता कामा नये.

उपाय फार मोठा नाही. आडव्या पाइपांना उभ्या सळ्या वेल्ड करून घ्यायच्या, मधलं अंतर चार इंचांपेक्षा कमी. फक्त त्या पायऱ्यांच्या बाजूनं लावायला सांगा. फॅब्रिकेटर सोयीसाठी पलीकडून, डक्टच्या (मोकळ्या पोकळीच्या) बाजूनं लावून मोकळा होईल, मग आडवे पाइप आतून उघडेच राहतील आणि चढणं चालूच राहील. वेल्डिंग होईपर्यंत निदान जाळी ताणून बांधावी.

आता टप्प्यांवरच्या खिडक्या. त्यांना सरकत्या काचा आणि मच्छरदाणीची जाळी आहे. ती जाळी डास अडवते, धडकलेलं मूल तिला पेलवत नाही. त्यात प्रत्येक टप्प्यावर नेमका खिडकीखालीच चपलांचा स्टँड, नाहीतर कुंड्या किंवा जुनी खुर्ची. स्टँडवर चढलं की खिडकीची चौकट मुलाच्या गुडघ्याशी येते. स्टँड हलवा म्हटलं की काही सभासदांना राग येईल, येऊ दे. आग लागली तर त्याच वाटेनं सगळ्यांना धावायचंय.

न्यूयॉर्कमध्ये खिडक्यांतून मुलं पडायची, म्हणून तिथल्या आरोग्य खात्यानं १९७२ मध्ये मोहीम सुरू केली आणि १९७६ मध्ये नियमच केला. दहा वर्षांपर्यंतचं मूल राहत असेल त्या घराच्या खिडक्यांना गार्ड लावणं इमारतीच्या मालकावर बंधनकारक आहे, आणि तसल्या इमारतीतल्या सामायिक पॅसेजच्या खिडक्याही त्यात येतात. आपल्याकडे मागच्या सभेत उलटंच ठरलं. ‘एलिव्हेशन बिघडतं’, म्हणजे इमारत बाहेरून वाईट दिसते, म्हणून नव्या ग्रिल बंद! बाहेर काढलेल्या पेटी-ग्रिलला माझाही विरोध आहे. पण चौकटीच्या आत बसणारी, सगळ्यांना एकाच डिझाइनची ग्रिल लावायला काय हरकत आहे? तिला आतून उघडणारी झडप मात्र हवीच, आगीच्या वेळी बाहेर पडायला. लहान मूल असलेल्या घरांना तरी ही परवानगी ताबडतोब मिळावी.

गच्चीच्या दाराला कुलूप नको, मोठ्यांच्या खांद्याच्या उंचीवर कडी पुरेल. आणि सफाईवाल्यांना जिना सकाळी दहाच्या आत पुसायला सांगावं. पोरं खाली बागेत निघतात त्याच वेळी फिनेलचं पाणी पायऱ्यांवर असतं, आणि पावसाळ्यात तर ते वाळतही नाही.

खर्च दुरुस्ती निधीतून व्हावा. सप्टेंबरच्या वार्षिक सभेची वाट न बघता समितीच्या पुढच्या बैठकीत विषय घ्या, कारण रंगकामाची वर्क ऑर्डर त्याआधीच निघणार आहे. फॅब्रिकेटर मापं घ्यायला येईल तेव्हा मला बेल मारा. दुपारी मी घरीच असते, टेप घेऊन खाली येईन.

कळावे,
आपली विश्वासू,
सभासद, चौथा मजला, बी विंग