‘ज्ञ’ इंग्रजीत कुठे शोधायचा?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पितृपंधरवडा तोंडावर आला आहे म्हणून हे पत्र आत्ताच लिहितो आहे. मागणी एकच आहे, पण ती कळायला आधी थोडं घरचं सांगावं लागेल.

मी रेल्वे टपाल सेवेत, इथं सोलापूर स्टेशनवर, २७ वर्षं सॉर्टर होतो. चुकीचा पत्ता वाचून टपाल बरोबर खणात टाकणं हाच माझा धंदा. आणि सख्ख्या आजोबांचा पत्ता लावायला मला निवृत्तीनंतरची चार वर्षं लागली.

आजोबा सांगोला तालुक्यातले. पाऊस नाही, काम नाही, म्हणून पलटणीत भरती झाले. मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियन, जुनी माणसं जिला ‘काळी पाचवी’ म्हणायची ती. २१ जून १९४२ रोजी लिबियातलं टोब्रुक पडलं आणि सुमारे ३३ हजार सैनिक जर्मन-इटालियनांच्या हाती सापडले. त्यांत ही पलटणही होती. पुढच्या वर्षी उन्हाळ्यात घरी एक छापील कार्ड आलं. मजकूर कुणालाच वाचता येईना, खाली आजोबांची सही तेवढी मोडी लिपीत. त्यानंतर सरकारी कागद आला : समुद्रात बेपत्ता. संपलं.

या ‘बेपत्ता’वर आजीने ४५ वर्षं कुंकू लावलं. सोलापुरात भावाकडे आली, विड्या वळल्या, पोरं वाढवली. ज्या गावात १९३० साली मार्शल लॉ लागला, ज्या गावाची चार माणसं फासावर गेली, तिथं ‘नवरा इंग्रजांच्या पलटणीत होता’ हे सांगायची सोय नव्हती. तिनेही कधी सांगितलं नाही. कार्ड मात्र पत्र्याच्या पेटीत, लुगड्याच्या घडीत असायचं. त्या सहीवरून बोट फिरवायची, इतकं की शाई पुसट झाली.

वडिलांनी एका कार्यालयात चौकशी केली होती. “एवढं जुनं कुठं असतंय आता?” मान वर न करता उत्तर मिळालं. नंतर मी गेलो, तर नवीन साहेब होते, उत्तर जुनंच.

असतं, संपादकसाहेब. राष्ट्रकुल युद्ध समाधी आयोगाच्या वेबसाइटवर दोन्ही महायुद्धांत गेलेल्यांची नावं आहेत, पैसे पडत नाहीत. अडचण नाव टाकण्याची. आजोबांचं नाव ‘ज्ञ’ने सुरू होतं. हा ‘ज्ञ’ इंग्रजीत लिहायचा कसा? डी-एन-वाय करून पाहिलं, डी-एच-वाय पाहिलं, जे-एन पाहिलं. आडनाव टाकावं तर भरती करणाऱ्याने तिथं बापाचं नाव घातलेलं. मग सॉर्टरचं डोकं चालवलं. पत्ता फाटला तर आम्ही आधी गाव बघतो, माणूस मागाहून. ‘सोलापूर’ टाकून काही येईना, कारण तेव्हाचं इंग्रजी स्पेलिंग ‘शोलापूर’. ते टाकल्यावर याद्या उघडायला लागल्या. (मंगळवेढेकरांनी आणि अक्कलकोटकरांनी मात्र यावर विसंबू नये. मंगळवेढा तेव्हा सांगली संस्थानात होतं आणि अक्कलकोट हे स्वतःच संस्थान. तिथल्या जवानांपुढे शोलापूर असेलच असं नाही.)

एका रात्री जी-ए-एनखाली आमचं गाव दिसलं. साहेबाने ‘ज्ञ’चा ‘ग’ ऐकला होता. खाली लिहिलं होतं अमुकचा मुलगा, अमुकचा पती, आणि आजीचं नाव. सगळ्या नोंदीत तेवढं एकच नाव बिनचूक. मृत्यू १३ ऑक्टोबर १९४२. नाव कोरलंय इजिप्तमध्ये, अल अलामेनच्या स्मारकावर.

तारीख हाती आल्यावर बोट सापडायला वेळ लागला नाही. ‘लोरेतो’ नावाची इटालियन मालवाहू बोट ९ ऑक्टोबरला त्रिपोलीहून निघाली. पोटात सुमारे ४०० हिंदी युद्धकैदी. सिसिलीत पालेर्मोजवळ तिला टॉर्पेडो लागला आणि १३०च्या आसपास कैदी बुडाले. टॉर्पेडो ‘अनरफल्ड’ या ब्रिटिश पाणबुडीचा. म्हणजे ज्यांच्यासाठी लढायला गेले त्यांच्याच हातून. पंचांग काढून पाहिलं, नवरात्र चालू होतं. आजीचे नऊ दिवसांचे उपास असणार. आणि ते कार्ड घरी पोचलं तेव्हा सही करणाऱ्याला जाऊन सहा-सात महिने होऊन गेले होते.

असे प्रसंग पुष्कळ घडले. सिंगापुरात पकडलेले हिंदी कैदी नेणारी जपानी ‘बुयो मारू’ २६ जानेवारी १९४३ला न्यू गिनीच्या उत्तरेला अमेरिकी पाणबुडीने बुडवली. ४९१ हिंदी कैद्यांपैकी १९५ गेले. ज्यांचं माणूस पूर्वेकडे गेलं त्यांनी सिंगापूरच्या क्रांजी स्मारकाच्या यादीत बघावं. जिनिव्हाला रेड क्रॉसकडे कैद्यांची कार्डं आहेत, पण तिथं अर्ज ठरावीक दिवसांतच घेतात, चिकाटी लागते.

आता मागणी. या नोंदींत शोलापूर जिल्ह्यातल्या जवानांची गावं आहेत, बापांची आणि बायकांची नावं आहेत. ती यादी आपण मराठीत छापा, दर रविवारी एक तालुका. नाव इंग्रजीत वाचून खेड्यातला माणूस ओळखणार नाही, पण ‘गणू वल्द अमुक, गाव अमुक’ असं पारावर मोठ्याने वाचलं तर एखादी ऐंशी वर्षांची म्हातारी म्हणेल, अगं हा तर आपला ज्ञानू. ‘ग’चा ‘ज्ञ’ करून द्यायचं काम मी फुकट करीन. डोळे अजून चांगले आहेत.

राहिली घरची गोष्ट. आजी १९८७ला गेली, कपाळावर कुंकू असतानाच, म्हणून तिचं पान आम्ही अविधवा नवमीला वाढतो. आता तारीख कळल्यावर गुरुजींनी विचारलं, काय करायचं? आजोबांचं या वर्षीपासून चतुर्दशीला घालणार आहोत, शस्त्राने गेलेल्यांच्या दिवशी. आजीची नवमी मी बदललेली नाही.

आपला,
एक निवृत्त सॉर्टर
सात रस्ता, सोलापूर