आडवा पंप की उभा? आधी विहिरीची खोली मोजा

संपादक महोदय,

‘आडवा स्वस्त, उभा महाग’ एवढ्यावर कोकणात पंप घेतले जातात. खरा प्रश्न पाण्याच्या पातळीचा आहे. काठावरचा आडवा मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकाच शाफ्टवर, म्हणजे दांड्यावर) पाणी ओढतो ते हवेच्या दाबावर. कागदावर 10 मीटर खोलीवरून, प्रत्यक्षात 6-7. जांभ्यातल्या विहिरी वैशाखात त्याखाली जातात. मग पंप आतल्या कट्ट्यावर उतरवतात आणि मृगात विहीर तुडुंब भरली की मोटर बुडते!

पातळी वर्षभर 5-6 मीटरच्या आत असेल, तर आडवाच घ्यावा. ग्लँड (शाफ्टभोवती पाणी अडवणारे पॅकिंग), बेअरिंग सगळे दुरुस्तीला हाताशी असते. मात्र सक्शन (पाणी ओढणारा) पाइप डिलिव्हरीपेक्षा (पाणी बाहेर नेणाऱ्यापेक्षा) एक माप मोठा हवा आणि पंपाकडे सतत चढता. मध्ये उंचवटा राहिला की तिथे हवा अडकते, पंप पाणी सोडतो आणि दोष पाइपाच्या तळाशी पाणी धरून ठेवणाऱ्या बिचाऱ्या फूटव्हॉल्व्हला. ग्लँडमधून थेंब थेंब पाणी गळायलाच हवे. करकचून आवळली की शाफ्ट झिजतो.

खोल विहिरीला उभा सबमर्सिबल, म्हणजे मोटरसकट पाण्यात बुडणारा पंप. प्रायमिंग (सुरू करण्याआधी पंपात पाणी भरणे) नको, पण रुंद विहिरीत मोटरभोवती पाणी खेळत नाही, ती तापते; म्हणून बाहेरून नळकांडे बसवावे. गाळापासून दोन-तीन फूट वर टांगावा. थ्री-फेजवर पाणी कमी आले तर आधी फिरण्याची दिशा तपासा.

खाडीकाठी मचूळ पाणी असेल तर आडवा असो वा उभा, बिडाचा इंपेलर (पाणी फेकणारा आतला पंखा) घेऊच नये.

– एक पंप कारागीर, वेंगुर्ला