ओझरच्या विमानाचे रिव्हेट

प्राग,
9 नोव्हेंबर 2025

तीर्थस्वरूप अण्णाकाका,
साष्टांग नमस्कार.

काकूंनी पाठवलेल्या कडक भाकऱ्या आणि शेंगा चटणी पोचली. भाकऱ्या अख्ख्या आल्या, एकसुद्धा मोडली नाही.

26 सप्टेंबरला चंदीगडला मिग-21 चा निरोपसमारंभ झाला, त्या रात्री मी तुम्हाला फोन केला होता. तुम्ही एवढंच म्हणालात, "झालं. उतरलं शेवटचं." आणि फोन काकूंकडे दिलात. नाशिकजवळच्या ओझरच्या विमान कारखान्यात सगळी नोकरी त्या विमानावर काढलेल्या माणसाला अजून काय बोलवणार? पण मला काही चैन पडेना. पुढच्याच शनिवारी इथल्या दुकानात जाऊन मी मिग-21 च्या बिस या जातीचं प्लास्टिकचं किट आणलं. 1/48 मापाचं, म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळीसाव्या हिश्श्याचं, एडुआर्ड या इथल्याच चेक कंपनीचं. सव्वासात मीटरहून थोडा कमी असलेला पंखविस्तार या मापात जेमतेम पंधरा सेंटीमीटर होतो.

तुम्हाला ठाऊक असेल, मिग-21 इथेही बनायचं. प्रागजवळच्या वोदोखोदीच्या कारखान्यात अगदी सुरुवातीच्या एफ-13 जातीची 194 विमानं परवान्यावर बांधली. प्रागमधल्या केबेलीच्या विमान संग्रहालयात मिग ठेवलेत. उन्हाळ्यात गेलो होतो, तेव्हा एकाच्या पोटाखाली वाकून कितीतरी वेळ रिव्हेटच्या, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांच्या, रांगा बघत राहिलो.

लहानपणी सोलापूरला गड्ड्याच्या जत्रेत, होम मैदानावर, तुम्ही मला पत्र्याचं विमान घेऊन दिलं होतं. घरी आल्यावर ते उलटंपालटं करून म्हणालात, "चांगलंय रे, पण याला रिव्हेट कुठायत? रिव्हेटशिवाय विमान हवेत टिकत नसतं." ते वाक्य माझ्या डोक्यातून कधी गेलं नाही. या किटवर रिव्हेट आहेत, अण्णाकाका. सुईच्या टोकाएवढे बारीक खड्डे, ओळीनं.

आधी कॉकपिट केलं. आतला रंग तुम्ही सांगायचात तोच, मोरपंखाकडे झुकणारा निळसर हिरवा. घड्याळांच्या पाटीवर मधोमध उभी पांढरी रेघ आहे. विमान गिरकीत सापडलं की वैमानिकानं दांडा त्या रेघेच्या समोर आणायचा, म्हणजे तो मध्यावर येतो. माझ्या मापात ती रेघ केसाएवढी. तीनदा पुसून चौथ्यांदा सरळ आली.

खरं काम धडाचं. डावा आणि उजवा असे दोन भाग. सांध्यावर पातळ द्रावण ब्रशनं नुसतं टेकवायचं, ते आपोआप फटीत धावतं आणि प्लास्टिक विरघळवून दोन्ही भाग एकजीव करतं. दुसऱ्या दिवशी वाळलं की सांध्यावर बारीक वरंबा उरतो. तो 400 च्या पॉलिश पेपरनं घासायचा, मग 800, मग 1200. आणि इथेच माझं काळीज हललं, कारण वरंब्याबरोबर पोटाखालचे रिव्हेटही घासले गेले. किती लोक ते तसंच सोडतात! विमान उभं केल्यावर पोट कोण बघतं? पण मला तुम्ही दिसत होता, विमान उलटं करून बघताना. चिकटपट्टीची कड सरळ लावली, भिंग धरलं आणि सुईनं एकेक खड्डा पुन्हा पाडला. दोन रविवार गेले. बाबा मागावर बसून तुटलेलं सूत सांधायचे, तेव्हा आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोलत नसे. त्या दोन रविवारी माझ्या खोलीत तशीच शांतता होती.

कॉकपिटवरची काच मात्र घाईत बिघडवली. झटपट चिकटणाऱ्या गोंदाची वाफ आतून लागून ती पांढुरकी झाली. बरीचशी घासून, चकाकवून साफ केली, तरी उजव्या कडेला किंचित धुकं राहिलंय. आता काचेला फक्त पांढरा, पाण्यात विरघळणारा गोंद वापरतो.

रंग पूर्ण झाला आहे. काल पंखावर आपल्या हवाई दलाचं चक्र बसवलं. बाहेर केशरी, मध्ये पांढरं, आत हिरवं. कागद पाण्यात भिजवला की चित्र सुटतं, मग ब्रशनं हळूहळू जागेवर सरकवायचं. वरून मऊ करणारं द्रावण लावलं तेव्हा ते आधी सुरकुतलं आणि मग खालच्या रेघांत, रिव्हेटांत इतकं चपखल बसलं, की रंगवल्यासारखंच वाटतं.

दोन गोष्टी कळवा. चाकांच्या कप्प्यात तुम्ही कोणता रंग मारायचात? इंटरनेटवर प्रत्येक फोटोत वेगळा दिसतो. आणि दुसरी, सगळ्यात महत्त्वाची. किटमध्ये क्रमांक आहेत, पण मी ते लावले नाहीत. तुमच्या हातून गेलेल्या एखाद्या बिसचा क्रमांक आठवत असेल तर तो हवा आहे. "सी" अक्षर लिहून ठेवलंय. त्याच्यापुढची जागा कोरी आहे. जानेवारीत गड्ड्याला येईन तेव्हा विमान घेऊन येतो, त्याआधी तुमचं पत्र यावं.

काकूंना नमस्कार.

तुमचा,
बंडू