फ्रिजचं मला काही वाटलं नाही

सांगली
१६ नोव्हेंबर २००८

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

मागच्या रविवारी फोन कट झाला नव्हता, मी ठेवला. नंतर तू तीनदा लावलास, तेव्हाही मी ओट्याशी उभी राहून वाजू दिला. चुकलंच माझं. पण ‘म्हाताऱ्यानं आता घरी बसायला हवं होतं’ असं तू सिनेमातल्या त्या इंडियाना जोन्सबद्दल म्हणालास आणि त्याच दमात जुनी मोटारसायकल घेतल्याचं सांगितलंस. आधी कशावर चिडावं तेच कळेना. या पत्रात मोटारसायकलचा विषय काढायचा नाही असं ठरवून बसले आहे.

तू पाठवलेली त्याच्या चौथ्या भागाची डीव्हीडी परवा बघितली. आपल्या प्लेअरवर ती लागेचना. तबकड्यांना देशांप्रमाणे विभाग, म्हणजे रीजन, असतात म्हणे. तुमच्या अमेरिकेतली तबकडी एक नंबर रीजनची, आपलं यंत्र पाच नंबरचं. शेवटी वरच्या सुमेधनं त्याच्या कॉम्प्युटरवर लावून दिली. तिथेही रीजन बदलावा लागतो आणि तो म्हणे पाचदाच बदलता येतो, मग ड्राइव्ह आहे तिथेच कायमचा अडकतो. त्यातला एक त्यानं माझ्यासाठी खर्च केला. तुला पाठवून उरलेल्या चकल्या मी त्याला डबाभर दिल्या.

आता सिनेमाबद्दल. तुझं सगळंच मला पटलं नाही. फ्रिजमध्ये बसून अणुस्फोटातून वाचतो म्हणून तू एवढा संतापलास. फ्रिजचं मला काही वाटलं नाही. १९८४ चा तो दुसरा भाग आपण भाड्याच्या व्हीसीआरवर बघितला होता, आठवतंय? त्यात तिघं विमानातून रबरी होडीत बसून खाली उडी मारतात, बर्फावरून घसरतात आणि थेट आपल्याच देशात नदीत पोचतात. तेव्हा तू टाळ्या पिटल्या होत्यास. बाबांनी शिट्टी मारली आणि आजी जाग्या झाल्या. होडी चालते तर फ्रिज का चालू नये?

बाबांचा राग वेगळाच होता. ‘माकडाचा मेंदू कोण खातं रे आपल्याकडे?’ असं रात्रभर चाललं होतं. पटकथा बघून आपल्या सरकारनं चित्रीकरणाला परवानगी दिली नाही, म्हणून त्यांनी ते श्रीलंकेत उरकलं, हे ते येईल त्या पाहुण्याला सांगायचे. आणि तरी अमरीश पुरी आला की आवाज वाढवायला लावायचे! या नव्या भागात पेरू देशातल्या जंगलात मेक्सिकोतल्या माया लोकांसारखं देऊळ उभं केलंय, तेव्हा वाटलं, तिकडेही कुणाच्या तरी घरी असाच चडफडाट झाला असेल.

जोन्सचा तो पोरगा माकडांबरोबर वेलींवर झोके घेतो ते मात्र अगदीच पोरकट. जीपवरची तलवारबाजीही कॉम्प्युटरवर रंगवल्यासारखी दिसते. झाडं मागे पळतात, पण वाऱ्यानं कुणाचा केस हलल्यासारखा वाटत नाही. पहिला तासभर मला आवडला, पुढचं बघता बघता डोळा लागला. पण तुझ्याएवढा राग नाही आला.

तिसऱ्या भागानंतर एकोणीस वर्षं, निखिल. बाबांच्या कपाटात वरच्या खणात कात्रणं अजून तशीच आहेत. चौथा भाग येणार, मग लांबला, मग निर्माते लुकास यांना पटकथा पसंत नाही. मे महिन्यात थिएटरात तू बाबांच्या वाटचाही बसलास, म्हणून तुला तो जास्त वाईट लागला असं मला वाटतं. चुकत असेन तर सोडून दे.

डीव्हीडीच्या डब्यात चिठ्ठी घातली होतीस, ‘आई, ही माझी रोजची वाट.’ त्यामुळे न्यू हेवनचा भाग मी दोनदा बघितला. दगडी इमारती छान आहेत. पण त्या चॅपल स्ट्रीटवरून तो पोरगा मोटारसायकल हाणतो, मागे जोन्स, दोघांच्याही डोक्यावर काही नाही. धावत्या गाडीतले लोक जोन्सला खिडकीतून आत ओढतात, तो दुसऱ्या खिडकीतून बाहेर येऊन पुन्हा मागे बसतो. मग मोटारसायकल घसरत ग्रंथालयातच! तिथे जोन्स एका विद्यार्थ्याला सांगतो, चांगला पुरातत्त्वज्ञ व्हायचं तर ग्रंथालयाबाहेर पड. एकतीस वर्षं वाचनालय सांभाळलेले तुझे बाबा यावर काय बोलले असते?

सुमेध सांगत होता, तुमच्या राज्यात अठराच्या वरच्यांना हेल्मेटची सक्तीच नाही. सक्ती नाही म्हणून घालायचं नाही असं असतं का? आणि आता बर्फ पडेल. संध्याकाळी लवकर अंधार होतो असं तूच म्हणतोस. नंदूकाकाही ‘फाट्यापर्यंत तर जातोय’ म्हणूनच निघाला होता. तू तेव्हा सहावीत होतास, तुला सगळं सांगितलं नाही आम्ही. तर हेल्मेट घे, चांगल्यातलं घे, आणि पट्टा लाव. नुसतं डोक्यावर ठेवलेलं हेल्मेट म्हणजे

हे बघ, काढलाच विषय. माफ कर. तू एकतीस वर्षांचा आहेस, स्वतःच्या पैशानं घेतलीस.

दुसऱ्या तबकडीवर चित्रीकरणाची रोजनिशी आहे, सव्वा तासाच्या वर. खरं सांगू, मला सिनेमापेक्षा तीच आवडली. शूटिंग चालू असतानाच जोन्स झालेल्या हॅरिसन फोर्डला पासष्ट पूर्ण झाली. चाबूक फिरवतो, पळतो, पडतो, उठून हसतो. बाबांना पासष्टी बघायला मिळाली नाही. म्हाताऱ्यानं घरी बसावं म्हणालास ना, ते मला तिथे लागलं होतं.

आणि जोन्सच्या टेबलावर त्याच्या वडिलांचा फोटो आहे. मागच्या भागात वडील झालेला शॉन कॉनरी या वेळी आला नाही, नुसता फोटोच. कॅमेरा तिथे फार थांबत नाही. मी सुमेधला थांबवायला लावलं, तो बिचारा काही बोलला नाही.

शेवटी लग्नात वाऱ्यानं टोपी त्या पोराच्या पायाशी येते. तो उचलून डोक्यावर ठेवणार तेवढ्यात बाप येऊन काढून घेतो. तुला ते फालतू वाटलं म्हणालास. मला वाटलं, घालू द्यायची होती त्याला क्षणभर.

मेतकूट संपलं असेल तर कळव. सुमेधचे रीजनचे तीन बदल शिल्लक आहेत, कारण एक परत आपल्याकडच्या तबकड्या लागाव्यात म्हणून गेला. तेव्हा पुढचं काही पाठवलंस तर चालेल. रविवारी फोन कर, मी ठेवणार नाही. दुकानात हेल्मेट कितीला पडतं तेवढं विचारून ठेव.

तुझी,
आई